आपलं जग कुणाच्या संगणकात चाललंय का? (ओढ्याच्या अलीकडं-पलीकडं पडलेल्या पावसावरून)

बालाघाटकर (अंबाजोगाई)

मंडळी, नमस्कार. महिनाभर मनात घोळतंय ते आज लिहून काढतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गावाकडं चार एकर रान आहे, सोयाबीन आणि तूर. यंदा मृग कोरडाच गेला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठवाले दरवर्षी सांगतात, म्हणून थांबलो होतो. एका संध्याकाळी मोबाईलवर अंदाज आला : आमच्या भागात चांगला पाऊस. रात्री गडगडलंही. सकाळी रानात जाऊन बघतो तर ओढ्याच्या पलीकडं पाय रुतेल एवढा चिखल आणि अलीकडं, आमच्या बाजूला, धूळ. एक ढेकूळ उचलून फोडलं. वरचा पापुद्रा ओलसर, आत भुगा. आई म्हणते तसंच झालं, बैलाचं एक शिंग भिजलं आणि दुसरं कोरडं.

मुलगा सोबत होता. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अंदाजवाल्यांवर चिडलो तर तो म्हणाला, "बाबा, अंदाज चुकलेला नाही." पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये 'अर्क' नावाचा महासंगणक आला. २०२५ मध्ये त्याच्यावर नवी अंदाज प्रणाली सुरू झाली. तिच्यात सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडलेत, आधी एक चौकोन १२ किलोमीटरचा होता, आता ६ चा. एका चौकोनाला पावसाचा एक आकडा. आपलं रान, पलीकडच्या काकांचं रान, ओढा, गाव, मारुतीचं देऊळ, सगळं त्या एका आकड्यात. "चौकोनात पाऊस पडला. आपण चौकोनापेक्षा लहान आहोत, एवढंच."

हे दुखणं आपल्याला नवं नाही म्हणा. एका वर्षी विम्याच्या वेळी मंडळातल्या एकाच पर्जन्यमापकाने सगळ्या गावांचं भिजणं ठरवलं होतं, आणि आमच्या शिवाराचं वाळणं त्या आकड्यात कुठंच नव्हतं.

परत येताना मुलगा गप्प होता. बांधावर थांबून म्हणाला, "समजा चौकोन ६ किलोमीटरचा नसता, मातीच्या कणाहून बारीक असता. इतका बारीक की ओढा, ढेकूळ, तुम्ही, मी, सगळं हिशेबात जसंच्या तसं बसलं असतं. तर त्या हिशेबातला माणूस पावसात भिजला असता का?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री वाचायला बसलो. निक बोस्ट्रॉम नावाच्या तत्त्वज्ञाने ऑक्सफर्डला असताना २००३ मध्ये ह्यावर एक निबंध छापलाय. त्याचं म्हणणं मला समजलं तसं मांडतो. पुढच्या तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असलीच पाहिजे. एक, आपल्यासारख्या समाजांपैकी जवळपास कुणीच एवढं प्रचंड गणनबळ हाती येईपर्यंत टिकत नाही. दोन, टिकतात, पण आपल्या पूर्वजांचं जग संगणकात हुबेहूब चालवून बघण्यात जवळपास कुणालाच रस नसतो. तीन, आपण आत्ता बहुधा अशाच एखाद्या चालवलेल्या जगात आहोत.

तिसरी गोष्ट कुठून येते? एका पोत्यात खऱ्या ज्वारीचा एक दाणा आहे आणि त्याच्यासारखे हुबेहूब दिसणारे, लागणारे लाखभर बनवलेले दाणे आहेत असं समजा. प्रत्येक दाण्याला आपण खरेच वाटतो. तुम्ही त्यातला एक दाणा आहात, तर पैज कशावर लावाल? बोस्ट्रॉमने खर्चाचाही अंदाज मांडलाय. सगळ्या मानवी इतिहासातल्या सगळ्या मेंदूंचं काम म्हणजे १ वर ३३ ते ३६ शून्यं एवढ्या क्रिया. आपल्याला हे अशक्य वाटतं, पण ग्रहाएवढा संगणक असेल तर त्याला ते सेकंदभराचंही काम नाही.

मला हे मनापासून समजून घ्यायचंय. तुम्हाला काय वाटतं?

तुळजाई

वाचतेय. मुलाचा प्रश्न फार खोल आहे.

कोडवाला (लातूर, सध्या पुणे)

सर, माझं कामच हे आहे. भट्टीतून निघालेला धातू साच्यात कसा थंड होईल ते संगणकात चालवून बघतो. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "असं जग कुणी चालवेलच कशाला? त्याला पुढचं माहीत असणारच की." नसतं हो. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ संगणकावर एक छोटं हवामान चालवत होते. एकदा त्यांनी मधूनच सुरुवात केली आणि आधीच्या कागदावरून आकडा भरला. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होता, कागदावर छापताना तो ०.५०६ झाला होता. एवढ्याशा फरकाने थोड्याच काळात दोन हवामानांचं एकमेकांशी काही नातं उरलं नाही. नियम आपणच लिहिलेले असले तरी पुढं काय होईल हे कळायला आडवाट नसते, टप्प्याटप्प्याने चालवूनच बघावं लागतं. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचा निकाल बघायला रात्रभर थांबतो. तेव्हा "चालवणारा म्हणजे सगळं आधीच जाणणारा" ही समजूत आधी बाजूला ठेवू.

दुसरी गोष्ट खर्चाची. इथं मला बोस्ट्रॉमचा हिशेब स्वस्त वाटतो, कारण तो मेंदूचा धरलाय, मातीचा नाही. अणूच्या पातळीवर गोष्टी फार महाग होतात. प्रत्येकाच्या दोनच अवस्था आहेत असे ३०० कण घ्या. त्यांची एकत्रित पुंजस्थिती (म्हणजे क्वांटम अवस्था, तिच्यात सगळ्या शक्यता एकदम धराव्या लागतात) साध्या संगणकात पूर्णपणे लिहून ठेवायची तर २ चा ३०० वा घात एवढे आकडे लागतात. ही संख्या ९१ अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वात अणू आहेत ते साधारण १ वर ८० शून्यं. म्हणजे ३०० कणांसाठी विश्व अपुरं पडतं, आणि तुमच्या त्या ढेकळात किती कण असतील! २०१७ मध्ये झोहर रिंगेल आणि दिमित्री कोव्ह्रिझिन ह्या दोघांनी एका विशिष्ट पुंज-परिणामाबद्दल दाखवलं की नेहमीच्या पद्धतीने त्याचा हिशेब करायला गेलं तर कण वाढतील तसा खर्च घातांकाने वाढत जातो.

ह्याने प्रश्न मिटत नाही, तेही सांगतो. बाहेरच्यांचा संगणक पुंज-संगणक असेल, किंवा त्यांच्या जगाचे नियमच निराळे असतील.

चौकटवही (नांदेड)

पण दादा, सगळं हिशेबात घ्यायची गरजच काय? गेममध्ये जसं आपण बघतो तेवढंच चित्र काढलं जातं, पाठीमागची खोली दार उघडल्यावरच तयार होते. पुंजभौतिकीत पण कुणी बघितल्याशिवाय कणाचं ठरत नाही म्हणतात ना?

निवृत्त_मास्तर (परभणी)

बाळ, तुझ्या प्रश्नातला दुसरा भाग आधी दुरुस्त करू. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि ही गैरसमजूत दरवर्षी वर्गात भेटायची. पुंजभौतिकीतलं 'निरीक्षण' म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. कणाची गाठ हवेच्या रेणूशी, फोटोच्या फिल्मशी, दगडाशी, कशाशीही पडून त्याची खूण कुठं तरी उमटली की ते मोजमाप झालं. कुणी बघो न बघो, किरणोत्सारी अणू खडकात फुटत राहतात आणि त्यांचा माग खडकात साचत राहतो.

पहिल्या भागात दम आहे, तरी तो वाटतो तितका स्वस्त नाही. समजा सह्याद्रीचा बेसॉल्ट कुणी फोडेपर्यंत 'काढलेला' नाही. पण फोडल्यावर त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघालं पाहिजे, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच निघालं पाहिजे, समुद्रतळाच्या गाळातल्या नोंदीशी ते जुळलं पाहिजे, आणि उद्या एखाद्या पोराने तिसरी पद्धत शोधली तर तिच्याशीही. एक खोटं लपवायला शंभर खोटी लागतात तसा हा प्रकार. आयत्या वेळी सगळं जुळवत बसण्यापेक्षा सरळ पहिल्यापासून चालवणं सोपं पडेल.

आता तपासता येतं का ते बघू. सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅवेज ह्या तिघांनी २०१२ मध्ये एक कल्पना मांडली. आज आपण अणुकेंद्रातली बलं संगणकात मोजतो तेव्हा अवकाशाची बारीक जाळी करतो, अणुकेंद्राएवढाच एक डबा आणि त्यात चौकटी. आपलं विश्वही अशाच जाळीवर चालत असेल तर तिचा ठसा कुठं उमटेल?

शेतातलं उदाहरण देतो. सरकी लावताना पूर्वी दोरीने उभ्या-आडव्या फुल्या पाडायचे. वरून पाऊस सगळीकडं सारखा, माती सारखी. पण कोळपं घेऊन उतरलात की कळतं, उभं जाईल, आडवं जाईल, तिरपं घातलं की झाड उपटणार. फुलीवरच्या रानात सगळ्या दिशा सारख्या नसतात. तसंच अवकाश जाळीचं असेल तर अतिशय जोरदार कणांना काही दिशा सोप्या आणि काही अवघड जाव्यात. कमी जोराच्या कणांना हे जाणवणार नाही, जसं फुल्यांच्या रानात उडणाऱ्या पाखराला काही फरक पडत नाही.

असे जोरदार कण आकाशातून येतात, त्यांना विश्वकिरण म्हणतात. सुमारे ५ वर १९ शून्यं इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या पुढं ते फार विरळ होतात. हा आकडा साध्या भाषेत सांगतो. एक किलोचं माप ८० सेंटिमीटर उंचीवरून फरशीवर पडलं की जेवढा दणका बसतो, तेवढी ऊर्जा एकट्या प्रोटॉनमध्ये. अशा कणांच्या दिशांत चौकटीचा ठसा दिसावा अशी ती अपेक्षा. आजवर तो दिसलेला नाही. म्हणजे जाळी असलीच तर फार बारीक आहे, किंवा पद्धतच वेगळी आहे, किंवा जाळी नाहीच.

औंढेकर

राम राम मंडळी. आमच्याकडं औंढा नागनाथजवळ लायगोचं काम व्हायलंय. ४-४ किलोमीटरचे दोन हात येणार म्हणतात. २०२३ ला २६०० कोटी मंजूर झाले. आमच्या पाव्हण्याची जमीन त्याच शिवारात होती. माझा साधा सवाल आहे मास्तर, त्या यंत्रानं हे जाळीचं कळंल का?

निवृत्त_मास्तर (परभणी)

औंढेकर, साधा म्हणू नका, मोठ्या संशोधकांनी विचारलेला सवाल आहे हा.

लायगो बांधतात गुरुत्वलहरींसाठी. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाश ताणलं-आखडलं जातं. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पकडली. ४ किलोमीटरच्या हातात प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी लेसरला कळतो. अवकाशाचं सगळ्यात बारीक माप मानतात ती प्लांक लांबी मात्र ह्याहूनही खाली, साधारण १६ शून्यं खाली आहे. म्हणून थेट दिसणार नाही.

पण आडून प्रयत्न झाला. क्रेग होगन ह्या शास्त्रज्ञाची कल्पना अशी की अवकाशात माहिती मर्यादित असेल तर जागा स्वतःच किंचित थरथरत असली पाहिजे. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये त्यासाठी लायगोच्याच धर्तीवर ४० मीटर हातांची दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी केली. दोघांनाही एकदम जाणवेल अशी थरथर शोधायची होती. २०१५ मध्ये निकाल आला : त्या कल्पनेत सांगितलेली थरथर नाही. आणि समजा सापडली असती, तरी तिने अवकाश दाणेदार आहे एवढंच सांगितलं असतं. दाणेदार आहे म्हणून ते कुणी तरी चालवतंय असं होत नाही. वाळूही दाणेदार असते.

औंढेकर

हे शेवटचं पटलं.

गोदाकाठ (पैठण)

ह्या विषयावर आपल्याकडं बोलणं निघालं की लगेच "हे तर आपल्या वेदान्तात आधीच सांगितलंय, माया म्हणजेच सिम्युलेशन" असं म्हणतात. मी घरच्या परंपरेने हे ग्रंथ वाचत आलोय, आणि ही घाई दोन्हींवर अन्याय करणारी आहे.

संगणकाच्या कल्पनेत आधी बाहेरचं यंत्र आहे, मग हिशेब, आणि हिशेबातून जाणीव उत्पन्न होते. जाणीव सगळ्यात शेवटी. बोस्ट्रॉमने तर हे गृहीतच धरलंय की मेंदू मांसाचा असो की सिलिकॉनचा, मांडणी तीच असेल तर जाणीव येणारच. अद्वैतात क्रम उलटा आहे. जाणीव आधी, बाकी सगळं तिच्यावर. दोरीवर साप दिसला, तर दोरी म्हणजे सापाला चालवणारं यंत्र नव्हे. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि मुळात नव्हताच असं कळतं. संगणकातल्या जगात दिवा आणण्याची सोयच नाही. आतल्याने कितीही शोध घेतला तरी त्याला आकडेच सापडणार.

दुसरं, शांकर अद्वैतात सत्तेचे तीन थर मानतात. स्वप्नातला हत्ती प्रातिभासिक, तो जागं होताच जातो आणि एकट्यालाच दिसतो. आपलं रोजचं जग व्यावहारिक, ते सगळ्यांना सारखं दिसतं, त्यात देणी-घेणी चालतात, कर्माचं फळ मिळतं. आणि पारमार्थिक ते ब्रह्म. संगणकातलं जग असलंच तर ते ह्यातलं कुठलं? माझ्या मते व्यावहारिक. ते सगळ्यांना मिळून दिसतं आणि मध्येच मोडत नाही. त्याला स्वप्नाच्या खणात टाकता येत नाही.

बालाघाटकर सर, तुमच्याच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. मराठीत हा विचार शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, त्यांनी मांडला. पण मला जवळचे वाटतात ते आमच्या शेजारच्या आपेगावचे ज्ञानदेव. अमृतानुभवात ते अज्ञानामुळे जग दिसतं हे म्हणणंच खोडून काढतात. जग ही चूक नाही, भास नाही, ते चैतन्याचंच विलसणं आहे, सोन्याचं लेणं झालं म्हणून सोनं कुठं कमी होत नाही. जगाला खोटं म्हणून झटकून टाकायची घाई त्यांना नाही.

तेरणाकाठ

मी इथं फार लिहीत नाही. आज लिहिते.

३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांची. आमचं गाव किल्लारीपासून जवळच. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवले होते, पोरं उशिरापर्यंत जागी होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर खाली आलं. माळवदाचं घर, दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याआधी टाकत आलेली माती. मी ज्वारीच्या कणगीला टेकून झोपले होते. कणगी फुटली, ज्वारी माझ्या अंगावर सांडली आणि तुळई कणगीच्या काठावर अडकली. मी दुपारपर्यंत ज्वारीत गळ्याइतकी बुडून होते. तोंडात, कानात दाणे. आजी माझ्यापासून हातभर लांब होती. पहिला थोडा वेळ ती बोलत होती.

आमच्या भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग भूकंपाचा धोका सगळ्यात कमी असलेल्या पट्ट्यात होता.

कोडवाले दादा, तुम्ही म्हणता चालवणाऱ्याला आधी माहीत नसतं. मान्य. पण ३ वाजून ५६ मिनिटांनी तर कळलं ना? मग ५७ व्या मिनिटाला त्याने का थांबवलं नाही? देवाला हा प्रश्न मी तीस वर्षं विचारत आलेय, आणि देवाबद्दल निदान असं म्हणता येतं की त्याचं आपल्याला कळत नाही. इथं तर तुम्ही माणसासारख्याच कुणाबद्दल बोलताय, कुतूहलापोटी यंत्र चालू करणाऱ्या.

आणि कुणी मला म्हणालं की ते सगळं नुसते आकडे होते, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. उठून जाईन.

तुळजाई

ताई.

कोडवाला (लातूर, सध्या पुणे)

ताई, तुमचं लिहिणं वाचून दोन दिवस काही टंकलं नाही. १९९३ मध्ये मी जन्मलोही नव्हतो. आमच्या घरी फक्त पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे दिवस सांगतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढंच सांगतो की माझं मत तुमच्यामुळे बदललं. बोस्ट्रॉमच्या तीन पर्यायांतल्या दुसऱ्यावरून, टिकून राहिलेले लोक असं जग चालवणार नाहीत ह्यावरून, मी झटकन पुढं जायचो. वाटायचं, एवढं सामर्थ्य असल्यावर कुणी तरी चालवणारच. आता वाटतं, जे एवढ्या पुढं जाऊन टिकले त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला असेल, आणि आतल्याला दुखणार हे ठाऊक असताना बटण दाबायला नकार दिला असेल. हा पर्याय मला आता कमकुवत वाटत नाही. एलॉन मस्क २०१६ मध्ये म्हणाले होते की आपण मूळ जगात असण्याची शक्यता अब्जांत एक. ते वाक्य गाजलं, पण त्यात हा दुसरा पर्याय हिशेबातच धरलेला नाही. डेव्हिड किपिंग ह्या खगोलशास्त्रज्ञाने २०२० मध्ये संभाव्यतेचं गणित नीट मांडलं, तर उत्तर जवळपास निम्मं-निम्मं आलं, किंचित मूळ जगाच्या बाजूने झुकलेलं.

निवृत्त_मास्तर (परभणी)

मी कोडवाल्यांशी सहमत आहे, एक भर घालून. ह्या कल्पनेला मी अजून विज्ञान म्हणणार नाही, कारण "जाळी दिसली नाही" ह्यालाही तिच्याकडं उत्तर आहे आणि "दिसली" ह्यालाही. पण ती विचारायची बंद करा असंही म्हणणार नाही. अवकाश खरंच सलग आहे का हे तर तिच्याशिवायही मोजलं जातंय. २००९ मध्ये ७ अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून आलेल्या एका गॅमा-स्फोटाचे कमी आणि खूप जास्त ऊर्जेचे किरण फर्मी दुर्बिणीवर एका सेकंदाच्या आत पोचले. एवढ्या लांबच्या वाटेत खाचखळगे असते तर ते एवढे बरोबर आले नसते.

तेरणाकाठ ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. १९११ मध्ये रदरफोर्डने दाखवलं की अणूचं जवळपास सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रात असतं आणि बाकी बहुतेक पोकळी. म्हणून तुमच्या घराचा दगड पोकळ झाला नाही, तुळई हलकी झाली नाही. वस्तू कशाची बनलीय हे कळल्याने ती वस्तू नाहीशी होत नाही. डेव्हिड चाल्मर्स हे तत्त्वज्ञ २००३ पासून हेच म्हणतायत : जग आकड्यांचं निघालं तर टेबल आकड्यांचं असेल, पण असेल टेबलच.

चौकटवही (नांदेड)

मास्तर, मला हे हातानं करून बघायचं होतं, म्हणून केलं. जॉन कॉन्वे ह्यांचा एक खेळ आहे, १९७० मध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी तो मासिकात छापला. चौकटीची वही घ्यायची. काही घरं जिवंत, बाकी मेलेली. प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, नाही तर मरतं. मेलेल्या घराला बरोबर तीन असतील तर ते जिवंत होतं. बस, एवढेच नियम.

वसतिगृहाच्या मेसमधून मूठभर तूरडाळ आणली आणि पाच दाणे मांडले. मैत्रीण शेजारी मोजत होती, मी दाणे हलवत होते. चार टप्प्यांनंतर तीच पाच दाण्यांची आकृती जशीच्या तशी परत आली, फक्त एक घर तिरपं सरकून. आणखी चार टप्पे, आणखी एक घर. नियमात कुठंच 'चाल' असं लिहिलेलं नाही, तरी ती चालत होती. मग जेवणाची घंटा झाली. दाणे तसेच ठेवून आम्ही गेलो, तासाभराने आलो, पुढचा टप्पा मांडला आणि ती पुन्हा चालायला लागली. मध्ये तासभर तिचं जग थांबलं होतं, आणि आकृतीत त्याची काही म्हणजे काही खूण नव्हती.

बालाघाटकर सरांच्या मुलाच्या प्रश्नाला मला आता असं उत्तर द्यावंसं वाटतं. जॉन सर्ल ह्यांनी १९८० मध्ये म्हटलं होतं की संगणकातल्या वादळानं कुणी भिजत नाही. ते बाहेरच्याबद्दल खरं आहे. अर्कमधल्या पावसानं पुण्यातली फरशी ओली होत नाही. पण आतल्याला विचारायचं तर आतलीच माती, आतलंच ढेकूळ फोडून बघावं लागेल. आपण आत असू, तर आपलं ओलं ते ओलंच, आणि त्या रात्री दुखलं ते दुखलंच. माझ्या डाळीला दुखत नव्हतं असं मला वाटतं, पाचच दाणे होते. पण किती दाण्यांनंतर दुखायला लागेल, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. परत डब्यात भरताना मी ते हळू भरले.

गोदाकाठ (पैठण)

किती दाण्यांनंतर, ह्याचं उत्तर माझ्या बाजूने "दाण्यांनी कधीच नाही" असं आहे. आपण इथं वेगळे आहोत. पण हळू भरलेस हे फार आवडलं, पोरी.

बालाघाटकर (अंबाजोगाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा मी मुलाला मोठ्यानं वाचून दाखवला. तेरणाकाठ ताईंच्या ठिकाणी आवाज गेला, मग पुढचं त्याने वाचलं. आईही ऐकत होती. ती म्हणाली, "चालवणारा असो नाही तर नसो, त्या बाईच्या आजीचं नाव विचार."

मुलाने दोन पत्र्याचे डबे सारख्या तोंडाचे शोधून एक आमच्या बांधावर आणि एक ओढ्यापलीकडं काकांच्या बांधावर ठेवलाय. काल रात्री पाऊस आला. पट्टी घालून मोजलं, आमच्याकडं ३१ मिलिमीटर, पलीकडं ४४. मोबाईलवर दोघांना एकच आकडा होता. आज ढेकूळ फोडलं, आतपर्यंत ओलं. आणखी एक असाच झाला की पेरतो.

तेरणाकाठ

सरांच्या आईंना सांगा, अनसूया.

चौकटवही, ते पाच दाणे कसे मांडायचे ते नीट लिहून देशील का? माझ्या मुलीला करून बघायचंय. आमच्याकडं तूरडाळ आहे, पण ती म्हणते ज्वारी घेऊ.

चौकटवही (नांदेड)

ज्वारी चालेल ताई, उलट गोल असते म्हणून घराच्या मध्ये ठेवायला सोपी, फक्त वही सपाट ठेवा नाही तर घरंगळते. तीन बाय तीन घरं घ्या. पहिल्या ओळीत मधल्या घरात एक दाणा. दुसऱ्या ओळीत उजव्या घरात एक. तिसऱ्या ओळीत तिन्ही घरांत एक-एक. भोवती भरपूर रिकामी घरं सोडा, ती खाली उजवीकडं चालत जाईल. एकच काळजी घ्यायची, आधी सगळ्या घरांचं मोजून पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि मगच दाणे हलवायचे. मध्येच एक हलवला तर पुढचं सगळं चुकतं.